‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आल्यानंतर: गावाकडची जुनी जमीन-कागदपत्रे शोधण्याची आणि मागण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ठाण्याला राहतात आणि त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे. पणजोबांची शेती होती, त्यांना तीन मुलगे होते आणि त्यांतले धाकटे, म्हणजे प्रश्नकर्त्यांचे आजोबा, गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. आज सातबाऱ्यावर फक्त थोरल्या आजोबांच्या वारसांची नावे आहेत. प्रश्नकर्त्यांनी तहसील कार्यालयात माहिती अधिकाराखाली “आमच्या घराण्याच्या नावे असलेल्या जमिनींची १९३० पासूनची सर्व कागदपत्रे मिळावीत” असा अर्ज केला. त्यावर “मागणी केलेली माहिती अभिलेखात आढळून येत नाही” असे एका ओळीचे उत्तर आले. आता अपील करावे, वकील द्यावा की गावी जाऊन कोणाला भेटावे, असे ते विचारतात.

मी महसूल खात्यात नोकरी केली आहे, त्यातली बरीच वर्षे तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेली, आणि निवृत्तीनंतर अशीच जुनी कागदपत्रे शोधून देण्याचे काम करतो. त्यामुळे उत्तर देणाऱ्याची बाजूही मला ठाऊक आहे. ते एका ओळीचे उत्तर आळसाचे असेल, पण बहुतेक ते खोटे नाही. महसुली दप्तर घराण्याच्या नावाने लावलेले नसते. ते गावाप्रमाणे, गावात नमुन्याप्रमाणे (म्हणजे नोंदवहीच्या प्रकाराप्रमाणे), नमुन्यात नंबराप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावलेले असते. “अमुक आडनावाचे सर्व कागद” ही मागणी पूर्ण करायची तर कारकुनाला गावाचे सगळे दप्तर पानन्‌पान वाचावे लागेल. ते कोणी करत नाही आणि कायदाही त्याच्याकडून तशी अपेक्षा करत नाही, कारण माहिती अधिकारात आहे त्या स्वरूपातली माहिती द्यायची असते, नवी तयार करून द्यायची नसते. तेव्हा कागद नाहीत असा निष्कर्ष तुम्ही काढू नका. तुमचा प्रश्न दप्तराच्या रचनेत बसवून पुन्हा विचारायचा आहे, एवढाच त्या उत्तराचा अर्थ.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. किती मागे जाता येईल हे गावावर अवलंबून आहे. काही ठिकाणी दप्तर पुरात भिजले, काही ठिकाणी वाळवीने खाल्ले, काही तालुके फुटले आणि जुने दप्तर मूळ तालुक्यातच राहिले. सातारा जिल्ह्यातली काही गावे औंध किंवा फलटण संस्थानात होती आणि ती संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. तुमचे गाव त्यांत असेल तर त्याआधीच्या कागदांची तऱ्हा वेगळी निघेल. म्हणून गाव तेव्हा खालसा (म्हणजे थेट इंग्रज सरकारच्या अंमलाखाली) होते की संस्थानी, आणि तालुका तोच आहे की बदलला, हे दोन प्रश्न गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारून घ्या. पुढचा पुष्कळ शोध वाचतो.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी आणि उलट मागे जावे. लोक नेमके याच्या विरुद्ध करतात. पणजोबांपासून सुरुवात करून पुढे येऊ पाहतात आणि पहिल्याच पायरीवर अडकतात, कारण पणजोबांच्या काळचा नंबर त्यांना माहीत नसतो. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो काढा आणि नावांपेक्षा खालचा भाग आधी वाचा. तिथे ‘जुने फेरफार क्रमांक’ असा एक चौकोन असतो आणि त्यात कंसांमध्ये आकड्यांची रांग असते. बहुतेक लोकांची नजर तिच्यावरून घसरते. हे आकडे म्हणजे त्या जमिनीच्या हक्कात जे जे बदल नोंदले गेले त्यांचे क्रमांक, आणि शोधाचे पहिले खरे साहित्य तेच.

फेरफार नोंदवहीला गाव नमुना सहा म्हणतात. तिच्यात चार रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, मिळालेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शेरा. दुसरा रकाना सर्वांत मोलाचा, कारण तिथे नाव का बदलले ते वाक्यांत लिहिलेले असते. सातबारा फक्त निकाल सांगतो आणि फेरफार कारण सांगतो. तुम्हाला कारण हवे आहे, म्हणून तुमची मागणी मुख्यतः फेरफारांची असायला हवी.

आता मागे जाताना हस्तलिखित सातबारे लागतील. त्यांत नाव कमी करायचे झाले की ते खोडत नसत, नावाला कंस करत आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक गोलात लिहीत. एका पानावर असे तीन-चार कंस आणि गोल असले की तो उतारा एखाद्या वंशावळीसारखा वाचता येतो. मात्र ठरावीक वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होत असे आणि नव्या पानावर फक्त चालू नावे उतरवली जात. कंसातली नावे जुन्या पानावरच राहत. पुढे संगणकीकरणात शेवटचे पान तेवढे चढले. म्हणून नुसता आजचा आणि एखादा १९९५ चा उतारा काढून उपयोग नाही. पुनर्लेखनाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही उतारे काढून एकमेकांशेजारी ठेवावे लागतात. एखादे नाव कोणत्याही फेरफाराशिवाय, नुसत्या पुनर्लेखनात गळाले असेल तर ते तिथेच उघडकीस येते. अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण फेरफाराने झालेला बदल त्या कलमाखाली फिरवून घेता येत नाही, आणि म्हणूनच नाव नेमके कशाने गेले हे आधी कळले पाहिजे.

तुमच्या हकिगतीवरून मला जी शक्यता सर्वांत जास्त वाटते तीही सांगतो. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतील. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा त्याचा अर्थ. वडील वारले की थोरल्या मुलाचे नाव कर्ता म्हणून लावायचे आणि बाकीच्या भावांची नावे न लावता सोडून द्यायची, ही त्या काळची सर्रास पद्धत होती. भाऊ मुंबईला असला तर विचारायलाच नको. फेरफारातली भाषा साधारण अशी असते: “अमुक हे मयत झाले. त्यांस वारस मुलगे तीन. पैकी थोरले हे घरातील कर्ते असल्याने त्यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करावे अशी वर्दी दिल्यावरून नोंद केली.” चौथ्या रकान्यात “वर्दीदार हजर, जबाब घेतला, हरकत नाही, प्रमाणित” आणि खाली सर्कल साहेबांची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, सही. वर्दी म्हणजे बदलाची दिलेली खबर. पुढच्या पिढीत थोरल्यांच्या मुलांनी वारस नोंद करताना ती तीन अक्षरे मागे राहतात आणि जमीन एकट्या थोरल्या घराची दिसू लागते. तुमच्याकडे हेच झाले असेल तर ती मूळ वारस नोंद हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा कागद, कारण तिच्यात तिन्ही भावांची नावे वारस म्हणून लिहिलेली असू शकतात.

दुसऱ्या शक्यतेकडेही डोळेझाक करू नका. आजोबांनी आपला हिस्सा भावाला विकला असेल, हक्कसोड करून दिली असेल किंवा तोंडी वाटपात दुसरी जमीन किंवा रोख रक्कम घेतली असेल. तसे असल्यास फेरफारात खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि तारीख सापडेल किंवा नुसते ‘वर्दीवरून वाटप’ असे लिहिलेले असेल. या दोन्हींत फार फरक आहे. दस्त क्रमांक मिळाला तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची नक्कल काढावी. स्थावर मिळकतीचे दस्त ज्या पुस्तकात नोंदले जातात ते पहिले पुस्तक आणि त्याच्या सूची, नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे, फी भरून कोणालाही पाहता येतात. मृत्युपत्रांच्या तिसऱ्या पुस्तकाचे आणि संकीर्ण दस्तांच्या चौथ्या पुस्तकाचे तसे नाही. नुसत्या वर्दीवर नाव कमी झालेले असेल तर ती नोंद किती टिकते हा पुढे वकिलाचा विषय आहे.

सातारा भागात मागे जाताना एक मोठा अडथळा हमखास येतो, तो म्हणजे एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी योजना लागू झाली आणि जुने सर्व्हे नंबर व हिस्से जाऊन गट नंबर आले. म्हणजे आजचा गट ४१२ हा पणजोबांच्या काळी कदाचित सर्व्हे नंबर ८७ चा दुसरा हिस्सा आणि ९१ चा एक तुकडा असेल. या सांध्याचा कागद तहसीलदारांकडे शोधत बसू नका. तो तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात असतो. तिथे ‘एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा’ असे शब्द वापरून मागितला की समजते. त्यात जुना नंबर, जुना धारक, क्षेत्र आणि त्याबदली मिळालेला गट अशी जुळणी असते. त्याआधीच्या पोटहिस्स्यांसाठी त्याच कार्यालयात फाळणी बारा आणि आकारफोड असतात. पहिल्यात हिस्स्याची मापे आणि आकृती, दुसऱ्यात त्याच्या आकारणीची विभागणी. काही गावांत एकत्रीकरणानंतर फेरफाराचे क्रमांक नव्याने एकपासून सुरू झालेले दिसतात. त्यामुळे ‘फेरफार १५६’ म्हटल्यावर तो जुन्या मालिकेतला की नव्या, हे सालावरून ठरवून अर्जात लिहा, नाहीतर भलत्याच माणसाच्या विहिरीची नोंद हातात पडेल.

क्षेत्र जुळवतानाही घोटाळा होतो. जुने कागद एकर-गुंठ्यांत आणि आजचे हेक्टर-आरमध्ये असतात. ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा हा आरपेक्षा किंचित मोठा. तेव्हा ३ एकर २० गुंठे म्हणजे साधारण १ हेक्टर ४२ आर. नावापुढे आणे-पै लिहिलेली दिसली तर ते पैसे नसून सोळा आण्यांतला हिस्सा असू शकतो. तीन भावांचा सारखा हिस्सा पाच आणे चार पै असा लिहिलेला सापडला तर तो उतारा जपून ठेवा.

पणजोबा कधी वारले हे माहीत नसेल तर वारस नोंद कोणत्या सालच्या नोंदवहीत शोधायची हे कळत नाही, आणि शोधाचा सगळा वेळ तिथेच जातो. यासाठी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहाव्यात. पूर्वी गावचा कोतवाल या नोंदी गाव नमुना चौदात घालत असे, म्हणून त्यांना कोतवाल बुक असेही म्हणतात, आणि त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असण्याची शक्यता असते. हे पुस्तक तारखेच्या क्रमाने असल्यामुळे अंदाजे दोन-चार वर्षांचा पट्टा ठरवला की पाहणे आवाक्यात येते. मृत्यूची तारीख मिळाली की वारस नोंद त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत पाहायची. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या निमित्ताने अनेक तालुक्यांत ही पुस्तके बासनातून बाहेर आली, स्कॅन झाली आणि काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही चढली. तुमचा जातीच्या दाखल्याशी संबंध नसला तरी तिथे आधी नजर टाकून घ्या. आजोबांच्या नात्याचा पुरावा हवा असेल तर गावच्या जिल्हा परिषद शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा चांगला आधार आहे.

एवढी जुळवाजुळव झाली की एका वहीत प्रत्येक पायरीची एक ओळ करा: साल, गट किंवा सर्व्हे नंबर, धारकाचे नाव, फेरफार क्रमांक, कागद कोणत्या कार्यालयात. जिथे ओळ रिकामी राहील तेवढाच कागद मागायचा. माझ्या अनुभवात शंभर पानांची मागणी करणाऱ्याला काही मिळत नाही आणि दोन नोंदी नेमक्या मागणाऱ्याला त्या बहुधा मिळतात.

मागण्याचे मार्ग तीन आहेत आणि ते याच क्रमाने वापरावेत असे माझे मत आहे.

पहिला मार्ग घरबसल्याचा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार आणि खातेउतारे जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून पाहता येतात. स्कॅनिंग सगळीकडे सारखे झालेले नाही, आणि झाले आहे तिथेही पान एका नंबराखाली आणि मजकूर दुसऱ्याचा असे आढळते. म्हणून हवा तो फेरफार दिसला नाही तर त्याच्या मागचा-पुढचा क्रमांक उघडून पाहा.

दुसरा मार्ग नकलेच्या अर्जाचा, आणि तो फार कमी लोक वापरतात याचे मला आश्चर्य वाटते. महसुली नकाशे आणि अभिलेख फी भरून पाहण्याची व त्यांच्या नकला मिळवण्याची तरतूद जमीन महसूल अधिनियमातच, कलम ३२७ मध्ये आहे. माहिती अधिकार येण्याआधी सगळे याच मार्गाने कागद मिळवत. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि मजकूर असा: “मौजे अमुक, तालुका तमुक येथील जुना सर्व्हे नंबर ८७ हिस्सा २ संबंधी गाव नमुना सहामधील नोंद क्रमांक १५६ (सन अंदाजे १९५१ ते १९५३) ची खरी नक्कल मिळावी.” अर्ज आवक-जावक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायलाच हवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजा. अर्ज तहसीलदारांच्या नावे असला तरी शोधणारा अभिलेखपाल असतो, आणि त्याला भेटून वहीतली ओळ दाखवली तर काम पुष्कळ सोपे होते. निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे आणि मार्चअखेरची वसुली या दिवसांत मात्र जाऊ नका. माणूस जागेवर सापडणार नाही आणि सापडला तरी त्याचे लक्ष नसेल.

अभिलेख कक्षात प्रत्यक्ष पाहणीची संधी मिळाली तर ती दवडू नये. कागद रुमालात, म्हणजे मोठ्या चौकोनी कापडात बांधलेले असतात आणि गाठीजवळ गावाच्या नावाची चिठ्ठी असते. रुमाल सोडल्यावर पाने घडीवर तुटकी असतात. बोट ओले करून पान उलटू नये, खालून तळहाताचा आधार देऊन उलटावे, आणि पान ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत ठेवावे. तुमच्यानंतर शोधणाऱ्याची सोय त्या क्रमावरच आहे. टिपणासाठी पेनाऐवजी पेन्सिल न्यावी. फोटो काढण्याआधी विचारावे. एकच नोंद पाहून उठू नका, तिच्या आगेमागची दहा-पंधरा पाने चाळा. एकाच घरातल्या दोन जमिनींच्या वारस नोंदी पुष्कळदा लागोपाठ असतात आणि त्यांतली दुसरी तुम्हाला ठाऊकच नसते. एखादा मजकूर मोडीत निघाला तर त्याची आधी खरी नक्कल घ्यावी आणि मग मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. अंदाजाने वाचलेल्या मोडीवर दावे उभे करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत कोणाचे भले झाले नाही. रुमाल सोडण्यासाठी कोणी वरचे पैसे मागितले तर मी देऊ नका असेच सांगेन, आणि तिसरा मार्ग प्रामुख्याने अशा वेळेसाठी आहे.

तिसरा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. त्याचा खरा उपयोग कागद शोधण्यासाठी नाही, कार्यालयाला लेखी आणि मुदतीत उत्तर द्यायला लावण्यासाठी आहे. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपये फीसह करायचा असतो. तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा इथला नियम आहे. तुमचा पहिला अर्ज या कसोटीवरही कमकुवत होता. छायाप्रतीला पानामागे २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. नऊ-तीनचा उतारा तहसीलमध्ये मागितलात तर “आमच्याकडे नाही” एवढ्यावर त्यांना थांबता येत नाही. याच कायद्यात पाहणीचा हक्कही आहे, आणि शंका असेल तिथे मी नकलांऐवजी आधी पाहणीच मागतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहणीला खुले ठेवण्याचा निर्णय काढलेला आहे. तुमच्या कामाचे जुने दप्तर जिल्हाधिकारी कार्यालयात गेले असेल तर तो उपयोगी पडेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, म्हणजे अपील करावे की नाही. पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपये फीसह करता येते आणि त्याच्या निर्णयावर समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. पण मूळ मागणीच मोघम असेल तर अपिलात फार तर “पुन्हा शोध घ्यावा” असा आदेश होईल आणि तेच उत्तर नव्या तारखेने येईल. माझा सल्ला असा की या अर्जावर अपिलाची मुदत जात असेल तर जाऊ द्या, वर सांगितल्याप्रमाणे नंबर जुळवा आणि नेमक्या नोंदीचा नवा अर्ज करा. नव्या अर्जाला कोणतीही आडकाठी नाही. नेमक्या अर्जावरही “आढळून येत नाही” असे आले तर मात्र अपील अवश्य करा, कारण तेव्हा ते उत्तर गंभीर ठरते.

गंभीर अशासाठी की फेरफार नोंदवही ही कायम जतन करायची वस्तू आहे. महसुली अभिलेखांचे वर्ग पाडलेले असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा आणि पुढचे वर्ग त्याहून कमी मुदतीचे. म्हणून वर्दीचा अर्ज, नोटिसांच्या स्थळप्रती किंवा वारसांचे जबाब रीतसर नष्ट झालेले असू शकतात, पण खुद्द नोंदवही नष्ट करण्याचा अधिकार कोणाला नाही. तेव्हा पुढचा अर्ज असा असावा: “सदर नोंदवही कोणत्या वर्गात मोडते, ती अभिलेख कक्षात जमा झाल्याच्या यादीची प्रत, आणि नष्ट केली असल्यास त्या आदेशाची व नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मिळावी.” जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करा. सार्वजनिक अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करण्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हे धमकीच्या सुरात लिहू नये, नुसता अधिनियमाचा उल्लेख पुरतो. “आढळत नाही” म्हणून पडून असलेला रुमाल अशा अर्जानंतर शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात सापडल्याची उदाहरणे माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांत कोणाची लबाडी नव्हती, नुसता चुकीच्या कप्प्यात ठेवला गेला होता.

इतर भागांतले वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातले कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघते, म्हणजे फसली १३६४ हे १९५४-५५. त्या सालचे खासरा पत्रक तिकडे जुन्या शोधाचा पाया मानतात. विदर्भाच्या मध्य प्रांताकडील भागात मालगुजारीचे कागद आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहावे लागतात. जिल्हे फुटलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघालेल्या सिंधुदुर्गात किंवा औरंगाबादेतून निघालेल्या जालन्यात, एखादे दप्तर मूळ जिल्ह्यात राहिले आहे का हे विचारून घ्यावे. कोल्हापूर संस्थानातल्या गावांसाठी कोल्हापूरचे पुरालेखागार आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असे नसते, आणि नाव आहे म्हणजे मालकी शाबीत झाली असेही नसते. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानतात, एवढेच. म्हणून चुलत घराशी बोलण्याआधी किंवा प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील टाकण्याआधी साखळी पूर्ण करा. मूळ नोंदीतच तुमच्या आजोबांची सही असलेला वाटपाचा जबाब निघाला तर सगळा विचार बदलेल. वकील लागेल तो त्यानंतर, आणि तेव्हा त्याच्यापुढे खऱ्या नकला ठेवता आल्या पाहिजेत. मोबाइलवरचे फोटो त्या कामाला चालत नाहीत. नक्कल हातात घेताना ‘खरी नक्कल’ असा शिक्का, अधिकाऱ्याची सही, आणि अर्जाची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची तारीख हे सगळे आहे की नाही ते खिडकीवरच पाहा. या तारखा अपिलाची मुदत मोजताना लागतात आणि नंतर कोणी घालून देत नाही.

आजचा सातबारा काढलात की त्यावरचा जुन्या फेरफारांचा चौकोन, नऊ-तीनच्या उताऱ्यावरचा जुना नंबर आणि पणजोबांच्या मृत्यूचे अंदाजे साल एवढे कळवा. घरातल्या कोणाची नावे लिहिण्याची गरज नाही. त्यावरून कोणती नोंद कोणत्या कार्यालयात मागायची आणि अर्जाचा मजकूर कसा असावा ते सांगता येईल.